पोपट तांबेच्या गाडीची मिसिंग

पोपट तांबेची पिकअप मिसिंग करायला लागली ती दिवाळीच्या सुमारास. सकाळी थंड असताना काही नाही. सेल मारला की एका दमात सुरू व्हायची. पण रबाळ्याच्या कारखान्यातून पुठ्ठ्याचे खोके भरून निघाली, चांगली तापली आणि एखाद्या सिग्नलला उभी राहिली, की सगळी गाडी थरथरायला लागायची. एक ठोका चुकायचा, मग दोन-चार नीट पडायचे, मग पुन्हा एक चुकायचा. स्टिअरिंगवरून ते थेट पोपटच्या मनगटात उतरायचं. ऐरोलीचा पूल चढताना तर मागचे हॉर्न मारून मारून जीव नकोसा करत.

गाडी जुनीच होती. पेट्रोलवर घेतलेली, पुढे तिला गॅसचं किट बसवलं. पोपटने तिला जिवापाड जपलं होतं. स्वतः धुवायचा, स्वतः पुसायचा, दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायचा नाही. आणि दुरुस्ती करायची ती हिरामण मिस्त्रीनेच. हिरामण रबाळे गावातला आगरी. घरामागे पत्र्याची शेड टाकून त्याने गॅरेज काढलं होतं. दोघेही पोरवयात दिघ्याच्या एका गॅरेजात पार्ट धुवायला होते, तिथपासूनची दोस्ती.

हिरामणने आधी प्लग बदलले. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी मिसिंग परत. मग त्याने कॉइल बदलली, वायरी बदलल्या. गॅस किटवाल्याकडे पाठवून ट्यूनिंग करून आणलं. इंजेक्टर साफ केले. दर वेळी गाडी थंड असताना एक चक्कर मारून बघायची, 'झाली रे' म्हणायचं आणि दर वेळी पोपटने चार दिवसांत तोंड पाडून परत यायचं.

"परत आनलीस?" हिरामण म्हणायचा. "तुज्या गाडीत भूतबित हाय काय रं?"

गंमत अशी, की पोपटच्या घरातच इंजिनं जाणणारं माणूस होतं. त्याची मुलगी संघप्रिया. पॉलिटेक्निकात ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केलेली. गेली काही वर्षं ती रबाळ्यातल्याच मोठ्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होती. काउंटरवर नव्हे, आत, लिफ्टखाली. निळा ड्रेस घालून इंजिनं उतरवायची. पण ही गोष्ट पोपट कुणाला सांगत नसे. घणसोलीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये, विहारात, गावाकडच्या खेडच्या नातेवाइकांत, कुणीही विचारलं की तो म्हणायचा, "कंपनीत आहे. ऑफिसचं काम." आणि विषय बदलायचा.

त्याला मुलीची लाज वाटत होती असं म्हणणं खरं होणार नाही. त्याला त्या काळ्या हातांची धास्ती होती. त्याच्या बापाने केमिकलच्या कारखान्यात पिंपं उचलली. त्याने स्वतः गॅरेजात बोटं काळी केली. तो काळेपणा इतका मुरला होता की संघप्रियाच्या शाळेत पालकसभेला गेला की तो हात खिशात घालून बसायचा. एकदा बाईंनी सहीसाठी पेन पुढे केलं तेव्हा सगळ्या वर्गाचं लक्ष आपल्या नखांकडेच आहे असं वाटून त्याला घाम फुटला होता. तेव्हाच त्याने ठरवलं होतं, पोरीचे हात स्वच्छ राहिले पाहिजेत. शिकायचं ते त्यासाठीच.

म्हणून गेल्या वर्षी संघप्रियाने जेवताना सहज म्हणावं तसं म्हटलं, "पप्पा, नाक्यावरचा एक गाळा रिकामा होतोय. मी आणि वर्कशॉपमधली माझी मैत्रीण विचार करतोय. आपलं स्वतःचं गॅरेज टाकावं. तुमच्या ओळखी आहेत, तुम्ही आलात तर..." तेव्हा पोपटच्या हातातला घास तसाच राहिला.

"गॅरेज काढायला तुला डिप्लोमा शिकवला?" तो म्हणाला. "गॅरेजात मी होतोच की. मग शिकायची काय गरज होती?"

संघप्रिया ताट उचलून आत गेली. तिची आई सुनयना नवऱ्याकडे बघत राहिली. गाळ्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आणि गाडीचा विषय निघाला होता, तोही पोपटनेच बंद केला. दिवाळी नुकतीच झाली होती. एक फेरी मारून तो डबा विसरला म्हणून घरी आला आणि गाडी खाली चालूच ठेवून वर आला. संघप्रिया गॅलरीत केस विंचरत उभी होती. खालून येणारा आवाज ऐकून तिचा हात थांबला.

"पप्पा, गरम झाल्यावरच करते ना अशी? हिरामणकाकांना म्हणावं एकदा टॅ..."

"मिस्त्री बघतोय," पोपट म्हणाला. "तू नको त्यात डोकं घालू. तुझ्या कामाला उशीर होईल."

डबा घेऊन तो खाली उतरला. ती काय म्हणणार होती ते ऐकायला तो थांबला नाही.

असे महिने गेले. उन्हाळा आला आणि एका शनिवारी दुपारी भरल्या गाडीनिशी ती ऐरोलीच्या पुलाच्या चढावर बसली. पोपटने गिअर टाकून पाहिले, गॅसवरून पेट्रोलवर घेऊन पाहिलं. इंजिन नुसतं धापा टाकत होतं. शेवटी एका ट्रकवाल्याने टोचन लावून तिला उतारापर्यंत आणलं आणि तिथून कशीबशी ती हिरामणच्या शेडपर्यंत पोचली. खोके दुसऱ्याच्या टेम्पोत गेले.

हिरामणने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि हात पुसत बाजूला झाला.

"पोपट, आता मना काय समजत नाय," तो म्हणाला. "जे बदलायचा ता सगला बदलून झाला. तू एक काम कर. प्रियाला आन."

पोपट चपापला. "कुठल्या प्रियाला?"

"तुज्या पोरीला, आनखी कुठल्या?"

"ती... ती ऑफिसात असते."

हिरामण हसला नाही. उलट त्याचा चेहरा जरा ओशाळला. "अरं, कोनाला सांगतोस तू? सगल्या नाक्याला ठाव हाय. ती येते ना इथं रविवारची. दोन वर्सं झाली. माज्यासंगं इंजिनं खोलते. गेल्या महिन्यात त्या मोरा बंदरातल्या कोल्याच्या बोटीचं इंजिन आलेला, मी हात टेकले, तिनं चालू करून दिला."

रविवारी संघप्रिया मैत्रिणीकडे जाते, असं घरात सांगितलं जायचं. पोपटने ते कधी तपासलं नव्हतं. तो शेडमधल्या लाकडी बाकावर बसला.

"मग माझ्या गाडीचं तुला काही बोलली नाही ती?"

"मीच विचारला होता. बोलली, पप्पांच्या गाडीला हात नाय लावनार, त्यांना आवडत नाय." हिरामणने खांदे उडवले. "मी काय जास्त बोललो नाय. बापलेकीचा मामला."

पोपट चालतच घरी निघाला. वाटेत त्याला दोन वर्षांतले रविवार आठवत राहिले. रविवारी तो घरीच असायचा. दुपारी टीव्हीपुढे पडायचा. ती संध्याकाळी यायची, तेव्हा तिचे हात घासून घासून लाल झालेले असायचे. आता कुठे त्याच्या लक्षात आलं, की त्याला काळं दिसू नये म्हणून ती हात धुऊन घरी येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याने तीनदा घसा साफ केला. चौथ्यांदा सुनयनाच म्हणाली, "काय ते बोला की एकदाचं."

"गाडी बसलीय," तो कपाकडे बघत म्हणाला. "हिरामणला जमत नाही. तुला वेळ असेल तर... बघशील का?"

संघप्रियाने कप खाली ठेवला. "बघते," एवढंच म्हणाली. खाटेखालून तिने एक कॅनव्हासची बॅग ओढली. तिच्यात पाने, पक्कड, गेज सगळं नीट कापडात गुंडाळलेलं होतं. ती बॅग पोपट पहिल्यांदाच बघत होता. सुनयना मात्र बघत नव्हती, म्हणजे तिला ती ठाऊक होती.

शेडमध्ये आल्यावर संघप्रियाने आधी बॉनेटला हातच लावला नाही. ती पोपटशी बोलत बसली. मिसिंग गरम झाल्यावर जास्त की थंड असताना? चढाला की उभी असताना? गॅसवर आणि पेट्रोलवर दोन्हीकडे, की एकाच? आधी उभी असतानाच यायची, मग चढाला यायला लागली का? पोपट भराभर उत्तरं देत गेला. गाडीची नस न् नस त्याला माहीत होती. दिवाळीपासून आजवर कुणी त्याला हे विचारलंच नव्हतं, हिरामणनेही नाही. बोलता बोलता तो रंगात आला, हातवारे करून सांगू लागला आणि ती मान हलवत ऐकत होती. मध्येच एकदा हसली. बापलेक एकमेकांशी इतकं सलग शेवटचं कधी बोलले होते, ते त्याला आठवेना.

"बसा आत. चालू करा. गरम होऊ द्या," ती म्हणाली.

गाडी तापली आणि थरथर सुरू झाली. मग तिने एकेका सिलिंडरचं कनेक्शन काढून लगेच परत लावायला सुरुवात केली. पहिल्याचं काढलं, इंजिन अडखळलं, आवाज बदलला. दुसऱ्याचं काढलं, तेच. तिसऱ्याचं काढलं आणि काहीच झालं नाही. जशी थरथरत होती तशीच थरथरत राहिली.

"हा कामच करत नाहीये," ती हिरामणला म्हणाली. "बाकी तिघं ह्याला ओढतायत."

तिने तिसऱ्याचा प्लग दुसऱ्याला लावला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. कॉइलची वायर, इंजेक्टर, सगळ्याची अशीच अदलाबदल केली. खराबी जागची हलली नाही. "म्हणजे ठिणगी ठीक आहे, इंधन ठीक आहे," ती म्हणाली. "काका, तुम्ही बदललेलं सगळं चांगलंच होतं. बिघाड तिथे नव्हताच."

मग तिने बॅगेतलं कॉम्प्रेशनचं गेज काढलं. प्लगच्या जागी ते बसवायचं, पोपटने सेल मारायचा आणि काटा कुठवर चढतो ते बघायचं. तीन सिलिंडरवर काटा एकाच जागी जाऊन थांबला. तिसऱ्यावर निम्म्यापर्यंत गेला आणि लटपटत तिथेच राहिला. तिने त्या भोकातून थोडं ऑइल आत सोडलं आणि पुन्हा सेल मारायला सांगितलं. काटा वर आला नाही.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने दाब वाढला असता," ती पोपटला म्हणाली. हिरामणला हे ठाऊक होतं. ती मुद्दाम बापाला समजावत होती. "वाढला नाही. म्हणजे हवा वरून पळतेय. वॉल्व्हमधून."

इंजिन निवेपर्यंत तिघांनी वडापाव खाल्ला. संघप्रिया काळ्या बोटांना कागद गुंडाळून खात होती. पोपटची नजर त्या बोटांकडे वारंवार जात होती. ती बोटं अगदी त्याच्यासारखी होती, पुढे जरा चपटी. हे त्याने आजवर पाहिलं नव्हतं. ते बघायला त्याच्याजवळ पुष्कळ वर्षं होती.

मग तिने वरचं कव्हर खोललं आणि वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पत्त्या घेऊन वॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटमधली फट मोजायला बसली. बाकीच्यांत पत्ती थोडी घट्ट जात होती, पण जात होती. तिसऱ्या सिलिंडरच्या, धूर बाहेर सोडणाऱ्या एग्झॉस्ट वॉल्व्हला सगळ्यात पातळ पत्तीसुद्धा आत शिरेना.

तिने पत्ती खाली ठेवली.

"काय?" पोपट म्हणाला.

"गॅसवर चालणाऱ्या गाडीचे वॉल्व्ह हळूहळू आत बसत जातात, पप्पा. मग ही फट कमी होते. तापल्यावर आणखी कमी. वॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. आधी नुसती मिसिंग येते. पण तसंच चालवत राहिलं की त्या फटीतून जाळ जातो आणि वॉल्व्ह जळतो. हा जळलाय. इंजिनाचं हेड उतरवावं लागेल."

हिरामण कपाळावर हात मारून म्हणाला, "टॅपेट! मी प्लग-कॉइलीतच फिरत रायलो."

पोपटला गॅलरी आठवली. हातातला कंगवा आणि तो अर्धवट तुटलेला शब्द. तो शब्द पुरा कसा झाला असता, ते आता त्याला कळलं.

"सुरुवातीलाच बघितलं असतं तर काय करावं लागलं असतं?" त्याने विचारलं.

संघप्रिया कपड्याने हात पुसत राहिली. "स्क्रू जरासा ढिला करून फट सेट करायची. अर्ध्या तासाचं काम."

"तुला तेव्हाच कळलं होतं."

"कळलं नव्हतं. आवाजावरून वाटलं होतं."

तिने ऐकवलं असतं, तर पोपटला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं. ती हिरामणबरोबर हेडचे बोल्ट ढिले करू लागली आणि पोपट बाजूला उभा राहून ती मागेल तो पाना हातात देत राहिला. त्याला नंबर पाठ होते. पोरवयात त्याचं कामच ते होतं. तिने बोलायच्या आधीच तो पाना पुढे करायचा आणि ती न बघता हात मागे करून घ्यायची. एक-दोनदा हिरामणनेही ते पाहिलं.

संध्याकाळी हेड उतरलं. हिरामण ते घासून घ्यायला स्कूटरवरून मशीनवाल्याकडे घेऊन गेला. शेडमध्ये दोघंच उरली. नळावर संघप्रिया हात धुवायला लागली तेव्हा पोपटने दिवसभर मनात घोळवलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"प्रिया, तो नाक्यावरचा गाळा... अजून रिकामा आहे का गं? म्हणजे मला वाटत होतं, मी येईन की. गिऱ्हाईक आणायचं काम माझं. गाडीवरही आता किती दिवस निभणार मी."

संघप्रिया नळ चालूच ठेवून उभी राहिली. मग तिने तो बंद केला.

"पप्पा, मी चाकणला चाललेय. एका कंपनीत इंजिन टेस्टिंगला. पुढच्या सोमवारी जॉइन व्हायचंय. सही करून दिलीय."

"चाकणला," पोपट म्हणाला.

"आईला माहितीय. तुम्हाला आजच सांगणार होते. पण सकाळी तुम्ही गाडीचं बोललात..." ती थांबली. "मला वाटलं, आधी गाडी बघू."

"आणि तुझी मैत्रीण? जिच्याबरोबर तू..."

"तिचं लग्न झालं. ती नाशिकला गेली." मग जरा वेळाने म्हणाली, "मी वाट बघितली होती, पप्पा. बरेच महिने."

पोपटला सांगायचं होतं, की नको जाऊ, सही मोडता येते, मी येऊन बोलतो त्यांच्याशी. पण कुठल्या तोंडाने सांगणार? तो म्हणाला, "चांगली आहे ना कंपनी?" ती म्हणाली, "चांगली आहे." मग दोघं घराकडे चालू लागली. रस्त्यात बिल्डिंगमधल्या यशोदाबाई भेटल्या. संघप्रियाच्या काळ्या बाह्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "काय गं, कुठून?" पोपटच मध्ये बोलला, "माझ्या गाडीचं इंजिन उघडलं हिने. मेकॅनिक आहे ना." संघप्रियाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. यशोदाबाई म्हणाल्या, "माहितीय की. आमच्या भाच्याची रिक्षा नाही का हिनेच बघितली." आणि पिशवी सावरत निघून गेल्या. सांगायलाही तो उशिराच पोचला होता.

आठवड्यात हेड तयार होऊन आलं. नवे वॉल्व्ह, ते बसतात त्या सीटा घासलेल्या. शनिवारी संघप्रियाने रजा घेऊन ते चढवलं आणि या वेळी पोपट सकाळपासून तिच्याबरोबर होता. फट कशी मोजायची, ते तिने त्याला शिकवलं. त्याच्या जाड बोटांत ती पत्ती आधी वळायची, मग जमू लागली. "असं, थोडी ओढ लागली पाहिजे. फार सैल नको, फार घट्ट नको," ती म्हणत होती. दुपारी गाडी सुरू झाली. तापली, हिरामणने मुद्दाम बराच वेळ तशीच चालू ठेवली, तरी ठोका चुकला नाही. हिरामणने संघप्रियाच्या पाठीवर थाप मारली. पोपटला वाटलं, इंजिन बंदच करू नये. हे काम संपू नये.

रविवारी दुपारी तो तिला पिकअपमधूनच वाशीला, पुण्याच्या बसच्या थांब्यावर सोडायला गेला. सुनयनाचा पाय दुखत होता म्हणून ती आली नाही. तिने जिन्यातच रडून घेतलं. मागच्या हौद्यात एक ट्रंक, गादीची वळकटी आणि ती कॅनव्हासची बॅग. वाटेत दोघंही इंजिनाचा आवाज ऐकत होती.

"तीन महिन्यांनी टॅपेट बघून घ्या," थांब्यावर ती म्हणाली. "हिरामणकाकांना सांगून ठेवलंय."

"तूच ये की तेव्हा."

"सुट्टी मिळाली तर येईन ना."

"नाही मिळाली तर मी करीन," पोपट म्हणाला. "आता येतं मला."

बस आली. सामान चढवताना कंडक्टर घाई करत होता. पोपटला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. पण हातात ट्रंक होती आणि ती ठेवेपर्यंत ती पायरीवर चढली होती. खिडकीतून तिने हात बाहेर काढला. त्याने तो धरला. नखांच्या कडेला कालचं काळं अजून होतं.

"पोचलीस की फोन कर," तो म्हणाला. बस हलली तसा हात सुटला.

बस हायवेच्या गर्दीत दिसेनाशी झाली, तरी तो तिथेच उभा होता. मग मागच्या रिक्षावाल्याने गाडी काढायला सांगितली. पोपट आत बसला. फोन वाजला. प्रियाचा नव्हता, कारखान्याचा होता. सोमवारसाठी आजच माल भरून ठेवायचा होता, येताय ना?

"येतो," तो म्हणाला. फोन खिशात टाकून त्याने सेल मारला आणि गाडी रबाळ्याच्या बाजूला वळवली.